केसपेपरची पिशवी आणि पवईचे नवे शास्त्र

वसई-विरार पट्ट्यात ज्या घरात कोणी दीर्घ आजारी आहे, त्या घरात एक प्लॅस्टिकची पिशवी हमखास असते. तीत वसईच्या सर डी. एम. पेटिट रुग्णालयाचा केसपेपर असतो, तुळिंजच्या रुग्णालयातली रक्ताची तपासणी असते, कांदिवलीच्या शताब्दीची चिठ्ठी असते आणि तिथूनही पुढे पाठवले असेल तर केईएम किंवा नायरची फाईल असते. पहाटेची विरार लोकल पकडताना डबा विसरला तरी चालेल, पण ही पिशवी विसरून चालत नाही. पिशवी नाही तर रोगी नवा, आणि रोगी नवा तर सगळ्या तपासण्या पुन्हा पहिल्यापासून. त्यात एका दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच.

या पिशवीचे पुढे काय करायचे, हा आता उच्च शिक्षणाचा विषय झाला आहे. इंग्रजीत त्याला मेडिकल इन्फॉर्मेटिक्स म्हणतात. आपण वैद्यकीय माहितीशास्त्र म्हणू. नाव जड आहे, काम तसे सोपे सांगता येईल. रोग्याविषयीची माहिती कशी नोंदवावी, कशी जपावी, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात कशी पोहोचवावी आणि हजारो रोग्यांच्या नोंदी एकत्र पाहून त्यातून शहाणपण कसे काढावे, याचे हे शास्त्र. यात डॉक्टर लागतो, संगणकाचा जाणकार लागतो, आकडेशास्त्र येणारा लागतो, आणि केसपेपर नीट लिहिणारी परिचारिकाही लागते. शेवटची व्यक्ती सगळे विसरतात, म्हणून आम्ही ती मुद्दाम लिहिली.

आपल्यापासून जवळचे ठिकाण म्हणजे पवई. अंधेरीला उतरून साकीनाक्यावरून गेले की आयआयटीचे आवार लागते. तेथे २०२१ साली कोईता सेंटर फॉर डिजिटल हेल्थ सुरू झाले. त्याच संस्थेचे माजी विद्यार्थी रिझवान कोईता यांच्या प्रतिष्ठानाने दिलेल्या देणगीतून ते उभे राहिले. संगणक, जीवशास्त्र, रसायन, व्यवस्थापन अशा निरनिराळ्या शाखांचे अध्यापक तेथे एकत्र येऊन हा विषय शिकवतात, पीएच.डी.साठी मार्गदर्शन करतात आणि रुग्णालयांबरोबर संशोधन करतात. पुढच्याच वर्षी, २०२२ मध्ये, परळच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रीडमध्ये कर्करोगाच्या संगणकीय नोंदींसाठी त्याच नावाचे दुसरे केंद्र आले. ही ग्रीड म्हणजे देशभरातील कर्करोग रुग्णालयांचे जाळे. ते २०१२ पासून विणले जात आहे. गावाकडच्या रोग्याला प्रत्येक वेळी परळच्या फुटपाथवर मुक्काम करायला लागू नये, हा त्यामागचा एक हेतू आहे. तो हेतू आम्हांला सर्वात जवळचा वाटतो.

पुण्याचेही नाव घेतले पाहिजे. पुणे विद्यापीठात १९८७ साली जैवमाहितीशास्त्राचे केंद्र निघाले, तेव्हा संगणक ही वस्तू पुष्कळांनी फक्त फोटोत पाहिली होती. त्यानंतरच्या वर्षी पुण्यातच सी-डॅक ही सरकारी संस्था स्थापन झाली आणि १९९१ मध्ये तिने परम हा महासंगणक बनवला. तो सर्वांना ठाऊक आहे. पण त्याच सी-डॅकमध्ये आज आरोग्य नोंदींच्या मानकांचे राष्ट्रीय केंद्र चालते, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. हे काम काय आहे ते जरा सविस्तर सांगतो, कारण या विषयाचा गाभा तेथेच आहे.

समजा, एक आजी आहेत. घरात त्यांच्या आजाराला 'साखर' म्हणतात. गावच्या आरोग्य केंद्रात 'मधुमेह' लिहिले, खासगी डॉक्टरांनी 'डायबेटिस' लिहिले, आणि मोठ्या रुग्णालयातील घाईत असलेल्या शिकाऊ डॉक्टरने नुसती दोन अक्षरे खरडली, 'डीएम'. माणसाला कळते की हे चारही शब्द एकच. संगणकाला कळत नाही. त्याच्या दृष्टीने आजींना चार रोग आहेत. म्हणून जगातील तज्ज्ञांनी मिळून प्रत्येक रोगाला, लक्षणाला, शस्त्रक्रियेला एकेक क्रमांक दिला. या क्रमांकांचा जो मोठा कोश आहे, त्याला स्नोमेड सीटी म्हणतात. त्यात साडेतीन लाखांहून अधिक संकल्पना आहेत. मधुमेहाचा त्यातील क्रमांक ७३२११००९. आता कोणी कोणत्याही भाषेत लिहो, मागे हा क्रमांक लागला की नालासोपाऱ्यातली आजी आणि लंडनमधली आजी एका रांगेत मोजता येतात. भारत २०१४ मध्ये या व्यवस्थेचा सदस्य झाला, त्यामुळे आपल्या देशात हा कोश वापरायला पैसे पडत नाहीत. त्याचे वाटप आणि त्यासाठी लागणारी साधने यांचे काम पुण्याच्या सी-डॅककडे आहे.

दुसरी एक यादी याहून जुनी आहे. पॅरिसचे आकडेशास्त्रज्ञ जाक बर्तियाँ यांनी १८९३ साली मृत्यूच्या कारणांचे वर्गीकरण मांडले. तेच वाढत वाढत आज जागतिक आरोग्य संघटनेची रोगांची यादी झाले. तिची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली, तरी आपल्याकडच्या पुष्कळ रुग्णालयांत अजून दहावीच चालते. मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडली' एवढेच लिहिले, तर या यादीत ते निरुपयोगी ठरते. हृदय सर्वांचेच बंद पडते. ते कशाने पडले, हा प्रश्न आहे.

हे सगळे संगणक आल्यावरच सुरू झाले असे मात्र नाही. मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने १९६३ साली कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली भारतातील ही पहिली कर्करोग नोंदणी. पण ती शहराची. खेड्यातल्या बाईला कर्करोग झाला तर ती रुग्णालयात येणारच नाही, मग नोंद होणार कशी? त्याचे उत्तर बार्शीने दिले. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतील ३४६ गावे त्यात घेतली. कार्यकर्ते रुग्णालयात बसून राहिले नाहीत. ते गावोगाव फिरले, लोकांना जमवून रोगाची लक्षणे समजावून सांगितली, कोणाला अंगावरून जास्त जाते, कोणाच्या तोंडातली जखम भरत नाही याची विचारपूस केली आणि संशय आला त्यांना तपासणीला आणले. परिणाम असा झाला की काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या. कारण एवढेच, की कोणीतरी दारात येऊन विचारले होते. पवईच्या वातानुकूलित खोलीतील संगणकापेक्षा आम्हांला या वहीचे कौतुक अधिक आहे, आणि ते आम्ही लपवत नाही.

त्याच रुग्णालयाच्या मदतीने शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात (आताच्या धाराशिवमध्ये) १९९९ पासून एक मोठा अभ्यास झाला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले. तीन गटांना वेगवेगळ्या तपासण्या मिळाल्या, चौथ्याला नेहमीचीच सेवा. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २००९ मध्ये, निष्कर्ष प्रसिद्ध झाला: एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदा जरी केली, तरी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्याने घटतात. जगभरच्या वैद्यकाने या निष्कर्षाची दखल घेतली. पण त्यातच दुसराही प्रश्न पुढे आला. चौथ्या गटातील बायकांना तपासणी न देता नुसते मोजत राहणे योग्य होते काय? मोजणाऱ्याला ज्ञान मिळते, मोजल्या जाणाऱ्याला काय मिळते, हा प्रश्न या शास्त्राचा पाठ सोडणार नाही.

आता आपल्या जिव्हाळ्याच्या गोष्टीकडे येऊ. केसपेपरवर जात लिहावी की न लिहावी?

आपल्यातील पुष्कळजण पटकन म्हणतील, मुळीच लिहू नये. दवाखान्यात तरी जात नको. हे बरोबरच आहे. खिडकीवर आडनाव वाचून बदलणारा चेहरा आपल्यापैकी कोणाला नवा नाही. पण दुसरी बाजूही पाहावी लागते. देवनारच्या लोकसंख्या संस्थेमार्फत १९९२-९३ पासून राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी होत आली आहे. तिच्यात जातीगट विचारला जातो. २०१५-१६ च्या पाहणीत, जिवंत जन्मलेल्या दर हजार बालकांमागे एक वर्षाच्या आत दगावणारी बालके अनुसूचित जातींमध्ये ४५ होती आणि इतर म्हणजे तथाकथित वरच्या गटात ३२. हजारी १३ बालकांचा हा फरक आहे. जात विचारली नसती तर हा आकडा आपल्या हाती आला नसता, आणि 'आता कुठे राहिली जात' म्हणणाऱ्यांपुढे ठेवायला आपल्याकडे काही नसते. म्हणजे जात नोंदवली तर गैरवापराची भीती, न नोंदवली तर अन्याय अदृश्य. आमचे मत असे की पाहणीत जात असावी, कारण तेथे नाव नसते. खिडकीवरच्या केसपेपरवर ती नसावी, कारण तेथे नाव असते.

जात न विचारताही यंत्र भेद करू शकते, हे अमेरिकेत सिद्ध झाले आहे. तेथील रुग्णालयांत कोणत्या रोग्याकडे जास्त लक्ष द्यावे हे ठरवणारी एक संगणकीय पद्धत होती. तिला वंश माहीतच नव्हता. ती पाहायची एवढेच, की या माणसावर आतापर्यंत किती खर्च झाला. जास्त खर्च म्हणजे जास्त आजारी, असा तिचा हिशेब. पण काळ्या लोकांवर मुळातच कमी खर्च होतो. पैसा नाही, विमा नाही, सुट्टी नाही, डॉक्टरवर भरवसा नाही. मग यंत्राने त्यांना 'तब्येत बरी' या रांगेत टाकले. २०१९ मध्ये सायन्स या नियतकालिकात संशोधकांनी हे उघडकीस आणले. दोष काढून टाकला असता तर जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्यांत काळ्या रोग्यांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. पुढच्याच वर्षी आणखी एक गोष्ट कळली. करोनाच्या दिवसांत आपण घरोघर बोटाला लावत होतो ते प्राणवायू मोजण्याचे चिमट्याचे यंत्र काळ्या कातडीवर जास्त वेळा चुकते. प्राणवायू खरोखर कमी असतानाही ते ठीक दाखवते. काळ्या रोग्यांत ही चूक गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आढळली.

आता हेच आपल्याकडे लावून पाहा. ज्या वस्तीतली माणसे रोजंदारी बुडेल म्हणून दवाखान्यात जातच नाहीत, त्यांच्या नोंदी कमी. नोंदी कमी म्हणजे त्या वस्तीत आजार कमी, असे उद्याचे यंत्र म्हणणार. आणि मग औषधे, डॉक्टर, पैसा दुसरीकडे जाणार. सफाई कामगारांच्या वसाहतीतला दमा असाच बेपत्ता होऊ शकतो. असले यंत्र बनवणाऱ्या खोलीत ती वसाहत आतून पाहिलेला एखादा मुलगा, एखादी मुलगी बसलेली असणे यासाठी गरजेचे आहे.

सिकलसेलचा विषय याहून नाजूक आहे. विदर्भातील महार समाजात हा आजार असल्याचे १९५८ सालीच वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आदिवासींमध्येही तो आहे. विदर्भातून नोकरीसाठी मुंबईकडे आलेली आपली कुटुंबे थोडी नाहीत. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी, संगणकात नोंद आणि प्रत्येकाला कार्ड, अशी तिची योजना. तपासणी चांगलीच आहे, ती करून घ्यावी. आई आणि बाप दोघेही वाहक असतील, तर दर बाळंतपणात मूल आजारी निपजण्याची शक्यता चारात एक असते, वाहक होण्याची चारात दोन, आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. वाहक हा आजारी नसतो. त्याला औषध लागत नाही. तो शिकतो, कमावतो, म्हातारा होतो. हे वधू-वर पाहायला बसणाऱ्या प्रत्येक मावशीला आणि काकांना पाठ असायला हवे. दोघे वाहक आहेत का, एवढे पाहायचे. पण कार्डावरचा एक शब्द वाचून मुलीला 'रोगी' ठरवले, तर ते शास्त्र न राहता नवी अस्पृश्यता होईल. आणि असे कार्ड, असा संगणकातला रकाना नोकरी देणाऱ्याच्या किंवा विमा कंपनीच्या हाती पडला तर?

ही भीती पोकळ नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला आणि कित्येक दिवस तेथील कामकाज हाताने, कागदावर करावे लागले. त्याच वर्षी जुलैत आपल्या राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची संगणक पद्धत कंत्राटदाराशी झालेल्या थकबाकीच्या वादात बंद पडली, तेव्हाही डॉक्टरांनी पुन्हा पेन उचलले. म्हणून आम्ही सांगतो, पिशवी इतक्यात फेकू नका. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि २०२३ मध्ये संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. कायदा आहे, तो वापरणारे आपण असलो पाहिजे.

खिडकीवर आता 'आभा काढा' असे सांगितले जाते, त्याविषयी थोडे. आभा म्हणजे १४ आकडी आरोग्य क्रमांक. ही योजना देशभर २७ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. क्रमांक काढला की तुमचे सगळे कागद दिल्लीत जमा होतात, असा एक समज आहे. तो खरा नाही. नोंद ज्या त्या रुग्णालयातच राहते, आणि दुसऱ्या डॉक्टरला ती तुमच्या संमतीनेच दिसावी अशी रचना आहे. क्रमांक काढणे ऐच्छिक आहे, आणि नको झाल्यास तो रद्दही करता येतो. दीर्घ आजार असेल, वसई ते परळ अशा फेऱ्या असतील, तर काढून घेणे सोयीचे. मात्र मोबाइलवर संमतीचा प्रश्न आला की खिडकीवरच्या माणसाच्या हाती फोन देऊन मोकळे होऊ नका. घरातल्या शिकलेल्या मुलाकडून वाचून घ्या आणि मग बोट लावा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही अशीच संगणकावर चालते. २०१२ साली ती दुसऱ्या नावाने आली, २०१७ पासून फुल्यांच्या नावाने ओळखली जाते. जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्यात प्रत्येक उपचाराला ठरलेला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकावर आधी मंजुरी घ्यावी लागते. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्र नावाचा माणूस बसतो. त्याला आधी गाठावे, ऑपरेशन झाल्यावर नव्हे. रेशनकार्डावरचे नाव आणि आधारवरचे नाव यांत एका काना-मात्रेचा फरक असला तरी गाडे अडते, तो फरक घरात सगळे धडधाकट असतानाच दुरुस्त करून घ्यावा.

राहिले आपल्या मुला-मुलींचे. या क्षेत्रात शिरायला एकच दार नाही. बारावी विज्ञान करून अभियांत्रिकीला जाणारे पुढे गेट परीक्षा देऊन येतात. एमबीबीएस, नर्सिंग, औषधनिर्माण, संख्याशास्त्र शिकलेलेही येतात. मोठ्या रुग्णालयांच्या नोंदणी विभागात आणि परदेशी रुग्णालयांचे रोग-क्रमांक लावून देणाऱ्या कंपन्यांत पदवीधरांना काम मिळते. फक्त त्यासाठी 'शंभर टक्के नोकरी' म्हणून भरमसाट फी उकळणाऱ्या क्लासच्या पाट्यांना भुलू नये. पीएच.डी. करणाऱ्यांना पुण्याच्या बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे, परदेशी जाणाऱ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

पवईला जा म्हणताना एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच आवारात पहिल्या वर्षाच्या एका दलित विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. संस्थेच्या समितीने थेट जातीय भेदभावाचा पुरावा नसल्याचे म्हटले. तेथील आंबेडकर पेरियार फुले स्टडी सर्कलच्या विद्यार्थ्यांनी ते मान्य केले नाही. पालकांनी हे जाणूनच मुलाला पाठवावे, पण पाठवावे. पहिल्या आठवड्यातच त्याने आपल्या मुलांचे मंडळ शोधावे, आणि घरच्यांनी फोनवर 'मार्क किती' याच्या आधी 'जेवलास का, कोणाशी बोललास का' हे विचारावे.

पीएच.डी.च्या प्रवेशाची जाहिरात तेथे वर्षातून दोनदा निघते. राखीव जागेसाठी जातीचा दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यात लागतो. राज्याच्या नमुन्यावर अर्ज अडतो. १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा हा दाखला केंद्रासाठी मिळतो, तरी काही कारकून अजून 'बौद्ध' शब्द पाहून फाईल बाजूला ठेवतात. तेव्हा जाहिरातीची वाट न पाहता अर्ज आताच सेतू केंद्रात द्यावा आणि पोचपावती जपून ठेवावी.